चौदा पानं

माळ्यावरचं सामान उतरवता उतरवता रुपावहिनीनं एक खाकी लिफाफा शीलाच्या हातात दिला आणि विचारलं, "ताई, हाऊ लिफाफा रद्दीमा टाकू का? कव्हयना पडेल शे." शीला भावाकडे, भूपेंद्रकडे, शहाद्याला चार दिवसांसाठी आलेली. पुण्याच्या संस्थेतून निघताना तिनं मनाशी ठरवलंच होतं की वहिनीच्या हातचं भरीत खायचं, दुपारी ताणून द्यायची आणि विश्वाच्या जन्माबद्दल चार दिवस चकार शब्द काढायचा नाही. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला एवढा हक्क असतोच. लिफाफ्यावर तिचं नाव होतं, कॉलेजातल्या नजीरच्या अक्षरात, आणि खाली बारीक लिहिलेलं, 'अकराव्यांदा'. टाक, असं ती म्हणणारच होती. पण बोट लिफाफ्याच्या कडेवरून फिरलं आणि अडलं. डिंक तसाच होता. लिफाफा बंद होता, तीस वर्षं बंद होता. आणि आतली चौदा पानं पाहिली म्हणून तिनं नजीरला स्वतःच्या हातानं लिहून कळवलेलं होतं.

"राहू दे," ती म्हणाली आणि लिफाफा घेऊन मागच्या खोलीत गेली. खिडकीबाहेर पपईचे ट्रक भरत होते, हमाल एकमेकांना हाका मारत होते, आणि कुठूनतरी वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका येत होता. तिनं लिफाफा फाडला. पहिल्या पानावरची पहिली ओळ वाचायला तिला दोन सेकंद लागले असतील. पुढचं वाचायची गरजच उरली नाही. ती पलंगावर बसली आणि पान मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. नजीरनं काळाला अधिक चिन्ह दिलेलं होतं.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे हसूच येतं. भौतिकशास्त्रातल्या या सिद्धांतवाल्या लोकांत काळ आणि जागा एकाच सूत्रात मोजतात, पण दोघांची चिन्हं उलटी धरावी लागतात. काळ अधिक धरला तर जागा उणे, जागा अधिक धरली तर काळ उणे. काहीही धरा, उत्तर तेच येतं, फक्त एकदा धरलं की शेवटपर्यंत तेच धरायचं. अर्धं जग एक धरतं, अर्धं दुसरं, आणि चहाच्या टेबलावर त्यावरून एकमेकांची टिंगल करतं. एवढीशी गोष्ट. तिनं आपल्या विद्यार्थ्यांना पन्नास वेळा बजावलं असेल की बाबांनो, पहिल्या पानावर लिहीत जा कोणतं चिन्ह धरलंय ते. कुठून शिकली होती ती एवढी सावधगिरी? आठवेना. शिकली नव्हतीच, नुसती शिकवत होती.

काळ अधिक, जागा उणे. हे त्या दोघांना शिकवलं कुवर सरांनी, इथंच, शहाद्याच्या कॉलेजात. तास संपला की सर दोघांना पटांगणातल्या लिंबाखाली थांबवत आणि काडीनं मातीत सूत्रं काढत. अभ्यासक्रमात नसलेलं सगळं त्या मातीत निघायचं. विद्यार्थी दोनच. सारंगखेड्याच्या नवनीत पाटलांची शीला, जिला बीएस्सी झाल्यावर पुढं शिकू द्यायचं की नाही यावर घरात रोज खल चाले, आणि शहाद्यातल्या मोटर वाइंडिंगवाल्या पिंजारींचा नजीर, जो सकाळी बापाबरोबर जळलेल्या पंपांच्या मोटरी खोलून यायचा आणि ज्याच्या नखांतली काळी रेघ कधी गेली नाही. सर एखादं गणित मातीत काढून म्हणायचे, उद्या सांगा. शीला दुसऱ्या दिवशी उत्तर आणायची. नजीर चार दिवसांनी आणायचा, पण त्याला ते का तसं आलं हेही सांगता यायचं. तेव्हा तिला त्याचा राग यायचा. आज मागं वळून पाहताना त्या रागाचीच तिला इतकी माया वाटली की डोळे भरून आले.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की नजीर बापाबरोबर मुक्कामाला यायचा. यात्रेतल्या मोठ्या पाळण्यांच्या मोटरी त्याचे वालीद सांभाळत. घोड्यांच्या बाजाराकडे सगळं गाव लोटलेलं असे, आणि हे दोघं पाळण्याच्या जनरेटरमागं, धुराच्या वासात, कॉलेजच्या लायब्ररीतलं एकुलतं एक जाड पुस्तक मध्ये ठेवून बसत. बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. नजीर एकदा ओरडून म्हणाला होता, "शीला, रिकामी जागा बी उकळस का वं?" पुस्तकात तसंच काहीतरी लिहिलेलं होतं. पहिल्या सेकंदाच्या अगदी नगण्य तुकड्यात, विश्व थंड होताना, पोकळीनं आपली अवस्था बदलली असावी. नव्या अवस्थेचे बुडबुडे उठले असावेत, फुगले असावेत, एकमेकांवर आपटले असावेत. पलीकडे घोडे खिंकाळत होते, कोणीतरी लगामांचे घुंगरू वाजवून गिऱ्हाईक बोलावत होतं, आणि अठरा वर्षांच्या शीलाला वाटलं होतं की आपल्याला आता दुसरं काही करायचं नाही, हेच करायचं. इतका स्वच्छ आनंद पुन्हा झाला नाही. पुढं मान मिळाला, परदेशच्या सभा झाल्या, पण ते जनरेटरमागचं सुख काही परत हाती लागलं नाही.

पुण्याला दोघंही गेले. शीला जुलैत गेली. नजीर सप्टेंबरात आला, कारण पावसात पाणी शिरून जळलेल्या मोटरींची दुकानात रांग लागलेली आणि वालीदांना टाकून त्याला निघवेना. मधले ते दोन महिने. त्या दोन महिन्यांत शीला मेसमध्ये अहिराणी 'शे' सोडून 'आहे' म्हणायला लागली, केस कापून आली, आणि मार्गदर्शक सर पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाले, आपण इथे काळ उणे धरतो, तर तिनं मान डोलावली आणि वहीतलं सगळं चिन्ह न् चिन्ह एका रात्रीत उलटं केलं. नजीर आला तेव्हा तिनं त्याला मेस दाखवली, लायब्ररी दाखवली, बसचा पास कुठं काढायचा ते दाखवलं. हे सांगायचं राहिलं. लपवलं नव्हतं, देवाशपथ लपवलं नव्हतं. अंगवळणी पडलेल्या गोष्टी कोणी कोणाला सांगत नाही.

मग मार्गदर्शक सरांनी दोघांना मिळून एक काम दिलं, बुडबुड्यांचंच. बुडबुडे किती वेगानं उठतात ते शीलानं काढायचं, आणि बुडबुड्याच्या सालीला किती ऊर्जा लागते ते नजीरनं. दोघांचं जोडलं की झालं. या लोकांत लेखावर नावं कामाच्या वजनाप्रमाणं नाही, अक्षरांच्या क्रमानं लावतात, म्हणून नजीर तेव्हा हसायचा की पाटील आधी, पिंजारी नंतर, जन्मभर तुझ्यामागंच चालायचं माझ्या नशिबी. जोडलं तेव्हा अब्रूच गेली. सालीची ऊर्जा उणे येत होती. म्हणजे साल करायला काही खर्च नाही, उलट नफाच. म्हणजे विश्वानं डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं उकळून संपायला हवं होतं. सर म्हणाले, कोणाचा तरी भाग चुकलाय, बघा. शीलानं आपला भाग तीनदा तपासला. बरोबर होता. बरोबरच होता तो. नजीरनं आपला पुन्हा केला, पुन्हा तेच आलं. आठ महिने तो एकच गणित करत होता. रंग उतरला, जेवण सुटलं. दर वेळी नव्या कागदावर, नव्या वाटेनं, आणि दर वेळी उत्तर तेच. आज पलंगावर बसलेल्या शीलाला पहिल्यांदा कळत होतं की तो अकरा वेळा बरोबर आला होता, आणि अकरा वेळा बरोबर येऊन त्यानं स्वतःला मठ्ठ ठरवलं होतं.

ईदला गावी निघताना पुण्याच्या स्टँडवर त्यानं हा लिफाफा तिच्या हातात दिला. "एकदा तू पाहा," तो म्हणाला होता. "मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही." त्याच महिन्यात दोघांची शिष्यवृत्ती पुढं चालू ठेवायची की नाही ते ठरणार होतं. शीलानं लिफाफा टेबलावर ठेवला. मग कपाटात ठेवला. रोज उघडायचं म्हणायची आणि कपाट लावून टाकायची. सहाव्या दिवशी सरांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, त्याचा भाग मीच करते. केलाही, पंधरा दिवसांत, आपल्या चिन्हांत, आणि सगळं झकास जुळलं. त्याच संध्याकाळी तिनं शहाद्याला कार्ड टाकलं. 'पाहिलं. चूक तुझ्याच भागात आहे, पण सापडत नाही. मनाला लावून घेऊ नकोस.' नजीर परत आला नाही. लेखाच्या शेवटी तिनं त्याचे आभार मानले, उपयुक्त चर्चेबद्दल. या लोकांत ते एक वाक्य ठरलेलं असतं, ज्यांचं नाव घालायचं नसतं त्यांच्यासाठी. हॉस्टेल सोडताना तिच्या जुन्या पुस्तकांबरोबर तो लिफाफाही भावाच्या माळ्यावर जाऊन पडला. वर्षं गेली. भूपेंद्रकडून कधीमधी कळायचं की नजीरचं बरं चाललंय, मुलीचं लग्न झालं. यायची जायची तेव्हा भेटायचं राहूनच जायचं. आणि दोन-तीन वर्षांपूर्वी दूरच्या ताऱ्यांच्या ठोक्यांत गुरुत्वलहरींची एक मंद घरघर सापडली, सगळ्या आकाशभर, म्हणून जगातली तरुण पोरं पुन्हा तो जुना लेख उघडून बसली आहेत. कोणी म्हणतं ही घरघर राक्षसी कृष्णविवरांची, कोणी म्हणतं छे, त्या बुडबुड्यांची. ठरलेलं नाही अजून. परवाच एका पोरानं तिला पत्र लिहून सालीच्या गणिताची वाहवा केली होती.

भूपेंद्र जेवायला आला तेव्हा ती चपला घालत होती. "नजीरचं दुकान कुठेशी आहे रे?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "स्टँडमागं. पण आत्ता उन्हात?" ती निघालीच. उसाच्या गाड्या साखर कारखान्याकडे चालल्या होत्या, रस्त्यावर चिपाडं पडली होती, आणि स्टँडवर धडगावची गाडी लागल्याचं कोणीतरी भोंग्यावरून सांगत होतं. चालताना ती मनात वाक्यं जुळवत होती. चिन्हाचं सांगायचं, ते सोपं होतं. तशी चूक कोणाकडूनही होते, त्यात पाप नाही. पण लिफाफ्याचं? ते सांगायची काय गरज, असं एक मन म्हणत होतं. बंद होता हे कोणाला माहीत आहे? वहिनीनं सुद्धा पाहिलं नाही. चिन्हाचं सांगितलं की त्याला न्याय मिळतो, लिफाफ्याचं सांगितलं की फक्त आपली मैत्री जाते. तिला लाज वाटत होती आणि ती नजीरला गमवायला भीतही होती. तीस वर्षं न भेटलेल्या माणसाला गमवायची भीती, म्हणजे कमालच म्हणायची.

दुकान वालीदांच्या वेळचंच होतं, फक्त पत्रा नवा होता. दारात उघडून ठेवलेल्या पंपांच्या मोटरी, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, आणि वार्निशचा वास. नजीर खाली बसून एका मोटरीच्या खाचांत तार बसवत होता. दाढी पांढरी झालेली. त्यानं मान वर केली आणि परक्याशी बोलावं तसं म्हणाला, "बोला मॅडम, कोणती मोटर आहे आपली?" मग हातातली तार खाली ठेवली. "शीला?" तो उठला, हात पुसले, स्टूल झटकलं. "आठे बस. तठे वार्निश शे. कव्हय उनी?" परवा, असं म्हणून ती स्टुलावर बसली. आतून त्याची बायको, चांदबी, चहा घेऊन आली, "दीदी, पहली बार आए आप, खाना खाके जाना," म्हणाली आणि दाराशी टेकून उभी राहिली. शीलानं पिशवीतून पानं काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"हाई मन्हं अक्षर शे," नजीर म्हणाला. चष्मा लावला. पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, दुसरं उलटलं. एका चिन्हावर त्याचं बोट थांबलं, तसंच राहिलं, आणि मग त्यानं पानं खाली ठेवली. "आते मले यामधलं काहीच समजत नही," तो म्हणाला, अगदी सरळ, जसं कोणी सांगावं की गुडघ्यानं आता जिना चढवत नाही. तिनं सांगायला सुरुवात केली, कुवर सरांचं चिन्ह, पुण्याचं चिन्ह, आणि तिनं बदललं ते दोन महिने. तो ऐकत होता. अर्ध्यावर त्यानं हात वर केला.

"थांब. दोन कॉइली शेत. एक सुलटी गुंडाळेल, एक उलटी. दोन्ही चांगल्या. पन जोडी दिध्या की मोटर नुसती गुरगुरस, फिरत नही. असंच ना?"

"तसंच."

"मंग कोनती कॉइल खराब शे, हाई इचारनाराच येडा." त्यानं पुन्हा पानांकडे पाहिलं. "म्हंजे मन्ही कॉइल बराबर व्हती."

"अकराही वेळा, नजीर."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. तो चांदबीकडे वळला. "सुना? वो गणित सही था मेरा." चांदबीनं विचारलं, "कौन सा?" तो म्हणाला, "पुराना. पूनेवाला." "अच्छा," ती म्हणाली आणि नवऱ्याला इतकं खूश पाहून उगीचच हसली, रिकामे कप उचलून आत गेली. नजीर पुन्हा खाली बसला, पण तारेला हात लावला नाही. त्याला बोलायचं होतं. वालीद जाईपर्यंत त्यांना वाटायचं की पोरगा पुण्याला कच्चा पडला, हे त्यानं सांगितलं. मुलगी नमिरा शाळेत गणितात अडली की तो तिला आपल्या मावसभावाकडे पाठवायचा, स्वतः कधी शिकवायला बसला नाही, हेही सांगितलं. तक्रार नव्हती. जुन्या दुखण्याबद्दल बरं झाल्यावर बोलतात तसं तो बोलत होता. आणि मग म्हणाला, "पन एक सांगू का. तुन्हं कार्ड उनं, त्यामा लिखेल व्हतं, पाहिलं. मी मनले सांगं, चाल, एक माणूसनी तरी आपली चौदा पानं वाचात. शीलाले बी सापडनं नही, मंग चूक खोल व्हई. त्यावरच मी निवांत व्हयनू. नही ते येडा व्हई जातू."

आता गप्प बसणं किती सोपं होतं. त्याला एवढी वर्षं जे धरून उभं राहता आलं ते तसंच राहू द्यायचं, चहा झालाच होता, उठायचं. रस्त्यावरून गाडी गेली, रिळं थरथरली. शीलाला एकदम कळलं की ती चिन्हाचं सांगायला आलीच नव्हती.

"मी वाचली नव्हती," ती म्हणाली. "लिफाफा उघडलाच नव्हता. आज सकाळी उघडला. पहिल्या ओळीत दिसत होतं सगळं."

नजीरनं चष्मा काढला. मग एकच शब्द बोलला, "काबरं?"

"भीती वाटली. तुझं बरोबर निघालं असतं तर माझं चुकलंय असं झालं असतं. आपल्या दोघांतलं एकच कोणीतरी तिथं राहणार असं मला वाटत होतं, आणि मला राहायचं होतं."

त्यानं मान खाली घातली. हात मोटरीच्या खाचेवर गेला आणि तसाच राहिला. आता तो जा म्हणेल, असं तिला वाटलं, आणि तो जा म्हणाला तर बरंच होईल असंही वाटलं. पण त्यानं पानं उचलली, कडा नीट जुळवल्या आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"आते वाच," तो म्हणाला. "मन्हासमोर."

शीलानं पिशवीतून पेन्सिल काढली. या लोकांना एक खोड असते, पहिलं पान पाहायचं आणि एकदम शेवटच्या पानावरच्या उत्तरावर उडी मारायची, मधलं लागलंच तर. बोटांनी सवयीनं चौदावं पान काढलं. नजीरचा हात आडवा आला, तांब्यानं आणि वार्निशनं रापलेला.

"पहिलापाईन," तो म्हणाला. "एक बी ओळ सोडू नको. मी बसेल शे."

तिनं पहिलं पान वर घेतलं आणि पहिल्या ओळीखाली पेन्सिल टेकवली. नजीर काम बाजूला सारून तिच्या पेन्सिलीकडे बघत बसला. ती दुसऱ्या ओळीवर गेली, मग तिसऱ्या. पान संपलं तेव्हा तिनं खाली कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि ते त्याच्या हातात दिलं. त्यानं ती खूण पाहिली, पान गुडघ्यावर पालथं ठेवलं आणि दुसऱ्या पानासाठी थांबला.